जाड, गोलसर, जुन्या वळणाचं ते अक्षर पुन्हा सगळीकडे का दिसू लागलंय?

पीनट बटरची बरणी, नव्या कॅफेची पाटी, सेंद्रिय गुळाचं पाकीट, पॉडकास्टचं चौकोनी चित्र. गेल्या काही वर्षांत या सगळ्यांवरचं इंग्रजी नाव एकाच धाटणीच्या अक्षरात दिसायला लागलं आहे. भरपूर जाड, कडा गोल, टोकांना गुबगुबीत पाय, आणि बघताक्षणी १९७० च्या दशकातलं वाटणारं. हा एकच फॉन्ट नाही, एकमेकांसारखे दिसणारे बरेच आहेत. पण त्यातल्या बहुतेकांचं मूळ शोधत गेलं की आपण शिकागोला पोचतो, १९२२ साली बाजारात आलेल्या 'कूपर ब्लॅक' या अक्षरापाशी.

मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांतही हा विषय डोकावतो. ब्रिटनच्या बर्बेरी या फॅशन कंपनीने २०१८ मध्ये आपल्या नावाच्या अक्षरांचे पाय काढून टाकले आणि सरळसोट जाड अक्षर घेतलं. २०२३ मध्ये तीच कंपनी पुन्हा पाय असलेल्या, जुन्या वळणाच्या अक्षराकडे परतली. अशा बातमीखाली लोक हमखास विचारतात की यात एवढं काय आहे, अक्षर ते अक्षर. ज्यांना स्वतःच्या दुकानाची पाटी किंवा पाकिटावरचं नाव ठरवायचं आहे त्यांचा प्रश्न जास्त व्यवहाराचा असतो: हे घ्यावं की नको? त्याचं उत्तर देण्याआधी हे अक्षर काय काम करतं ते पाहावं लागेल. ते सजावटीचं दिसतं, पण त्याचा एकेक गोल कोपरा एखाद्या अडचणीवरचा उपाय आहे.

## आधी दोनच संज्ञा

पहिली, सेरिफ. रोमन अक्षराच्या रेघेच्या टोकाला जो छोटा आडवा पाय किंवा कंगोरा असतो तो सेरिफ. वर्तमानपत्री इंग्रजी अक्षराला तो असतो. फोनच्या पडद्यावरच्या साध्या इंग्रजी अक्षराला बहुधा नसतो.

दुसरी, डिस्प्ले. पुस्तकाच्या आतल्या मजकुराचं अक्षर साधारण ९ ते १२ पॉइंटांचं असतं (७२ पॉइंट म्हणजे एक इंच). मथळा, पाटी, पोस्टर, पाकिटावरचं नाव यांसाठी जे मोठ्या आकारात आणि थोड्याच शब्दांसाठी वापरायचं, ते डिस्प्ले अक्षर. कूपर ब्लॅक हे जाड, सेरिफवालं डिस्प्ले अक्षर आहे.

## मजकुराचं अक्षर मोठं केलं की डिस्प्ले होत नाही का?

होत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. भाजीवाल्याची हाक आठवा. तो 'ताजी मेथी घ्या' हे वाक्य घरात बोलतो तसंच मोठ्याने म्हणत नाही. तो शब्द कमी करतो, एखादा स्वर लांबवतो, काही अक्षरं गिळतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं आणि कळतंही. डिस्प्ले अक्षर ही अशी हाक आहे. ती वेगळीच लावावी लागते.

मजकुराचं अक्षर बारीक आकारात टिकावं म्हणून त्यात शब्दांमधली, अक्षरांमधली जागा मोकळी ठेवलेली असते आणि बारीक रेघाही बऱ्यापैकी जाड ठेवलेल्या असतात. तेच अक्षर फूटभर उंच केलं की ते विसविशीत दिसतं. उलट, डिस्प्ले अक्षर १० पॉइंटांत लावलं की त्याच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि कागदावर शाईचे ठिपके पडल्यासारखं होतं.

खिळ्यांच्या काळात, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे जुळवून छापायचे तेव्हा, ही अडचण आपोआप सुटायची. धातूच्या खिळ्याचा प्रत्येक आकार कारागीर पोलादावर स्वतंत्र कोरायचा, त्यामुळे ८ पॉइंटांचा 'ए' आणि ४८ पॉइंटांचा 'ए' यांची प्रमाणं हातासरशी बदलायची. पुढे फोटोवरून अक्षरजुळणी आली, मग कम्प्युटर आला, आणि एकच चित्र हवं तेवढं लहान-मोठं करायची सोय झाली. सोय मोठी होती, पण आकारागणिक अक्षर बदलण्याची रीत तिच्यापायी मागे पडली.

## जाड अक्षर जन्माला आलं ते जाहिरातीमुळे

छपाई सुरू झाल्यानंतर साडेतीनशे वर्षं युरोपात अक्षर मुख्यतः पुस्तकासाठी होतं. जाहिरातसुद्धा पुस्तकी अक्षरातच छापली जायची, फार तर आकार मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर चित्र पालटलं. सरकारी लॉटरीची तिकिटं, नाटकं, औषधं, लिलाव अशा सगळ्यांची पत्रकं एकाच भिंतीवर चिकटू लागली आणि चालता माणूस आपल्याच पत्रकाशी थांबावा ही गरज झाली. तेव्हा रॉबर्ट थॉर्नसारख्या अक्षर ओतणाऱ्यांनी उभी रेघ प्रमाणाबाहेर फुगवली. आडवी रेघ केसाएवढी, उभी रेघ अक्षराच्या उंचीच्या जवळपास निम्मी. या अक्षरांना 'फॅट फेस' म्हणतात. ब्रिटनची ती लॉटरी १८२६ मध्ये बंद झाली, फॅट फेस मात्र राहिले.

पुढची अडचण वजनाची. वीतभर उंचीचे शिशाचे खिळे महाग, उचलायला जड, आणि ओतल्यावर असमान थंड होत असल्याने पृष्ठभाग खोलगट व्हायचा. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडातून अक्षरं कोरण्याचं यंत्र वापरात आणलं आणि पुढच्याच वर्षी लाकडी अक्षरांचं नमुनापत्रक काढलं. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला, म्हणजे एका मूळ नमुन्यावर सुई फिरवली की कोरणारं पातं तोच आकार लहान किंवा मोठा कोरणार. मग अक्षर रुंद करा, अरुंद करा, आत नक्षी भरा, काहीही जमू लागलं. अमेरिकी सर्कसची आणि 'पाहिजे आहे' वाली पोस्टरं म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते हे अक्षर.

फॅट फेसला एक दुखणं होतं. केसासारखी बारीक रेघ खडबडीत कागदावर तुटायची आणि खिळा झिजला की सगळ्यात आधी ती जायची. शंभरेक वर्षांनी कूपरने जे केलं त्याचं मोल कळायला हे दुखणं लक्षात असायला हवं.

## शिकागोचा कूपर

ऑस्वाल्ड ब्रूस कूपर १८७९ मध्ये ओहायो राज्यात जन्मला आणि कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात वाढला. चित्रकला शिकायला तो शिकागोच्या फ्रँक होम यांच्या शाळेत गेला. तिथे त्याला शिकवायला फ्रेडरिक गाउडी होते, जे पुढे अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले अक्षररचनाकार झाले. कूपरचा ओढा चित्रांपेक्षा अक्षरांकडे निघाला. १९०४ मध्ये त्याने फ्रेड बर्ट्श याच्याबरोबर 'बर्ट्श अँड कूपर' ही फर्म काढली. जाहिराती, पुस्तिका, हाताने काढलेले मथळे असं त्यांचं काम.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कूपर खिळे कोरणारा कारागीर नव्हता, ब्रशने आणि पेनाने जाहिरातीचे मथळे काढणारा माणूस होता. त्याचं हाताचं अक्षर इतकं लोकप्रिय झालं की शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने त्यावरून खिळे ओतायची तयारी दाखवली. आधी १९१९ च्या सुमारास 'कूपर ओल्ड स्टाइल' आलं, मग १९२२ मध्ये त्याचं अतिजाड रूप, कूपर ब्लॅक. पुढच्या चार वर्षांत तिरकं, अरुंद आणि आत पांढरी चमक सोडलेलं अशी त्याची आणखी रूपं निघाली.

कूपर स्वतः म्हणायचा की हे अक्षर दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना दूरचं दिसत नाही. बोलायला मिश्कील असलं तरी यात अक्षराचं सगळं प्रयोजन आलं. जुन्या वळणाच्या छापखानेवाल्यांनी नाकं मुरडली. पानावर एवढं काळं त्यांना सोसवत नव्हतं. जाहिरातवाल्यांनी मात्र ते उचलून धरलं. खप इतका झाला की प्रतिस्पर्धी मोनोटाइप कंपनीला आपलंही तसंच एक हवं झालं आणि त्यांनी ते काम सांगितलं खुद्द गाउडींना. १९२५ चं 'गाउडी हेवीफेस' असं निघालं. शिष्याच्या अक्षराला तोड देण्याचं काम गुरूकडे आलं.

## एकदा जवळून पाहू

कम्प्युटरवर ऑफिसचं सॉफ्टवेअर असेल तर हा फॉन्ट बहुधा आधीच आलेला असतो. एखादा इंग्रजी शब्द त्यात टाइप करा आणि पडदाभर मोठा करा.

पायांपासून सुरुवात करू. नेहमीच्या सेरिफ अक्षराचा पाय तळाला सपाट असतो. कूपर ब्लॅकचा पाय तळाशी किंचित फुगीर आहे, लादीवर ठेवलेल्या वस्तूसारखा तो रेषेवर चपखल बसत नाही. याचा फायदा असा की अक्षरं एका ओळीत केसभर वरखाली झाली तरी डोळ्याला खटकत नाही. सपाट पायाच्या अक्षरात तीच चूक लगेच दिसते. हाताने चिकटवायच्या अक्षरांसाठी हे वरदान ठरलं.

आता 'ओ' बघा. बाहेरून गोल, पण आतली पांढरी जागा सरळ उभी नाही, मागे, म्हणजे डावीकडे रेललेली आहे. रुंद टोकाच्या लेखणीने रोमन 'ओ' काढला तर जाडी वर उजवीकडे आणि खाली डावीकडे येते, त्यामुळे पोट असं कलतं. अक्षर धातूत ओतलं तरी लेखणीचा हात त्यात शिल्लक आहे. लहान 'आय'वरचा ठिपकाही पूर्ण गोल नाही, लंबगोल आहे.

आणखी एक. लहान लिपीतल्या (स्मॉल) अक्षरांची उंची मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षरांच्या मानाने भरपूर आहे आणि 'पी', 'जी' यांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड आहेत. म्हणून दोन ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवून बसवता येतात आणि छोट्या चौकोनात मोठं नाव मावतं. पाकिटावर जागा कमी असते, तिथे हा गुण कामाला येतो.

आणि कुठेही तीक्ष्ण कोपरा नाही, केसासारखी रेघ नाही. झिजायला, तुटायला, शाईने भरायला नाजूक असं काही ठेवलेलंच नाही. फॅट फेसचं दुखणं इथे मुळातून काढलं आहे. खराब कागद, जास्त शाई, जुना खिळा, धूसर फोटोकॉपी, काहीही झालं तरी ते ओळखू येतं.

## ते 'सत्तरच्या दशकातलं' का वाटतं, जर १९२२ चं आहे?

कारण बहुतेकांनी ते तेव्हाच पाहिलं. १९६१ मध्ये ब्रिटनच्या लेट्रासेट कंपनीने घासून चिकटवायच्या अक्षरांची पानं बाजारात आणली. पारदर्शक पानाच्या मागे अक्षरं असायची, कागदावर ठेवून बोथट टोकाने घासलं की अक्षर कागदावर उतरायचं. आता मथळ्यासाठी छापखान्यात त्या आकाराचे खिळे असण्याची गरज उरली नाही. शाळेचं मासिक काढणाऱ्या मुलांपासून जाहिरात कंपनीपर्यंत कोणीही टेबलावर बसून नाव जुळवू शकत होतं. अशा हातकामात फुगीर तळाचं, चुका पोटात घालणारं अक्षर सगळ्यांच्या आवडीचं झालं. बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमच्या कव्हरवर ते झळकलं. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत गरम इस्त्रीने टी-शर्टवर चिकटवायची मखमली अक्षरं याच वळणाची असायची. कापडाची बारीक टोकं उसवतात, गोल टोकं टिकतात.

म्हणजे अक्षराचं 'जुनेपण' हे आपल्या आठवणीत आहे. १९९५ मध्ये ईझीजेट ही स्वस्त विमान कंपनी सुरू झाली तेव्हा तिने नारिंगी रंगाबरोबर हेच अक्षर घेतलं, आणि युरोपातल्या तरुण प्रवाशांना ते अक्षर बघून सत्तरचं दशक आठवत नाही, स्वस्त तिकीट आठवतं.

## मग आत्ताच पुन्हा का?

याला दोन कारणं आहेत, आणि मला दुसरं जास्त पटतं.

पहिलं कारण पडद्याचं. सुरुवातीच्या कम्प्युटर आणि फोनच्या पडद्यांवर ठिपके कमी असल्याने बारीकसारीक वळणं तुटक दिसायची. बिनपायाचं, एकसारख्या जाडीचं अक्षर तिथे स्वच्छ दिसायचं, म्हणून सगळे तिकडे वळले. २०१० नंतर दाट ठिपक्यांचे पडदे सर्रास आले आणि वळणदार अक्षर पुन्हा नीट दिसू लागलं.

दुसरं कारण ओळखीचं. गेल्या दशकात एकामागून एक कंपन्यांनी नावं बिनपायाच्या अक्षरात बदलली आणि सगळी सारखी दिसू लागली. महागडा कोट विकणारी, भाड्याने खोली देणारी आणि गाणी ऐकवणारी, कोणती कोण ते अक्षरावरून सांगता येईना. ज्यांना गर्दीतून वेगळं व्हायचं होतं त्यांना मऊ, जाड सेरिफ हाताशी सापडलं. अमेरिकेतल्या चोबानी या दह्याच्या कंपनीने २०१७ मध्ये असं अक्षर घेऊन रूप बदललं. ईमेल सेवा देणाऱ्या मेलचिंपने २०१८ मध्ये कूपरचंच हलकं रूप घेतलं. त्यांचं पाहून इतरांनी घेतलं. आता अडचण उलटी झाली आहे. मऊ सेरिफवाल्या बरण्या इतक्या झाल्या आहेत की ओळ लावून ठेवल्या तर त्याही सारख्याच दिसतात. नवं दुकान काढणाऱ्याने 'सध्या चालतंय' एवढ्यावरून हे अक्षर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाव आखूड असेल, माल घरगुती किंवा खाण्याचा असेल आणि पाटी लांबून वाचायची असेल, तर ते कामाचं आहे. वकिलाच्या किंवा दवाखान्याच्या पाटीवर त्याचा गुबगुबीतपणा आड येतो.

## एवढं जाड अक्षर वाचायला त्रास होत नाही?

परिच्छेद लावला तर नक्की होतो. आपण वाचतो ते काळ्या रेघांवरून जितकं, तितकंच त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेवरून. जाड अक्षरात पांढरं कमी, म्हणून ओळख पटायला वेळ लागतो. तीन-चार शब्दांपुरता तो वेळ जाणवत नाही, तीन-चार ओळींत डोळा थकतो.

पाटीसाठी साइनबोर्ड रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो: आरामात वाचता यावं म्हणून दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची साधारण १ इंच. रस्त्यापलीकडून ६० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर ६ इंच हवं. जाड अक्षर लावलं म्हणून हा हिशेब कमी होत नाही. खूप लांबून पोटातली पांढरी जागा आधी बुजते, म्हणून जाड अक्षराला उंची थोडी जास्तच द्यावी. फोन नंबर, पत्ता, वेळ, किंमत, वापरण्याची मुदत हे मात्र साध्या अक्षरात ठेवावं. ६ आणि ८ यांच्यातला फरक म्हणजे पांढऱ्या जागेचा एक फटीएवढा तुकडा असतो आणि जाड अक्षरात तोच आधी जातो.

आणि सगळं मोठ्या लिपीत लावू नये. कूपर ब्लॅकचं वळण लहान लिपीत आहे. सगळीच मोठी अक्षरं लावली की ठोकळ्यांची रांग दिसते.

## नुसतं 'बोल्ड' दाबलं तर?

फॉन्टमध्ये जाड रूप खरोखर काढलेलं असेल तर बोल्ड दाबल्यावर ते येतं. नसेल तर कम्प्युटर मूळ आकाराच्या कडा सगळीकडून सारख्याच सुजवतो. बाहेर वाढते तेवढीच रेघ आतही वाढते, आणि पोटातली जागा बुजते. अक्षर काढणारा माणूस असं करत नाही. तो उभी रेघ भरपूर जाड करतो, आडवी थोडी, जिथे दोन रेघा भेटतात तिथे मुद्दाम निमुळती करतो, आणि सगळं अक्षर रुंद करून आतल्या पांढऱ्याला जागा देतो.

हे काम आता एका फॉन्टच्या आतही करता येतं. २०१६ मध्ये ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'व्हेरिएबल फॉन्ट' ही पद्धत जाहीर केली. एकाच फाइलमध्ये जाडी, रुंदी वगैरे सरकवायच्या कळा असतात. कूपर आणि विंडसर या जुन्या अक्षरांवरून स्फूर्ती घेतलेला 'फ्रॉन्सिस' हा मोफत फॉन्ट याचं छान उदाहरण आहे. त्यात जाडी १०० ते ९०० आहे, कडा किती मऊ हव्यात त्याची वेगळी कळ आहे, आणि छापण्याच्या आकारानुसार, ९ पॉइंटांपासून १४४ पर्यंत, अक्षराची प्रमाणं बदलणारी कळही आहे. खिळ्यांच्या काळात कारागीर प्रत्येक आकार वेगळा कोरायचा, ती रीत अशी परत मिळाली आहे. मला हा भाग या सगळ्या पुनरागमनातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

## फॉन्ट नेटवरून उतरवला तर कायद्याने चालतं का?

अमेरिकेत अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नाही. १९७८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तसा निर्णय दिला. म्हणूनच एकाच आकाराच्या चार कंपन्यांच्या चार आवृत्त्या, चार नावांनी दिसतात. नव्या आकाराला डिझाइन पेटंट मिळू शकतं, पण ते मुदतीचं असतं. गंमत म्हणजे १८४२ मध्ये अमेरिकेने दिलेलं अगदी पहिलं डिझाइन पेटंट छपाईच्या अक्षरांसाठीच होतं, न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस यांना.

आकार मोकळा असला तरी फॉन्टची फाइल हे सॉफ्टवेअर आहे आणि तिला परवाना लागतो. घरच्या कामाला मोफत, धंद्याला पैसे, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. परवान्याचं पान न वाचता उतरवलेला फॉन्ट पाच हजार पाकिटांवर छापून झाल्यावर पत्र येण्यापेक्षा 'ओपन फॉन्ट लायसन्स' असलेला घ्यावा. तो धंद्यासाठीही मोफत वापरता येतो. मुख्य अट अशी की तो फॉन्ट नुसता वेगळा करून विकायचा नाही.

## मराठीत असं अक्षर आहे का?

जसंच्या तसं नाही, आणि असायचं कारणही नाही. देवनागरीत सेरिफ नसतो. अक्षर वरच्या शिरोरेषेला टांगलेलं असतं. शिवाय आपला बोरू उलट्या तिरकस कापाचा, त्यामुळे जाडी उलट बाजूला पडते. रोमन 'ओ'ची जाडी वर उजवीकडे आणि खाली डावीकडे, तर बोरूने काढलेल्या 'ठ'च्या गोलाची वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. रोमन अक्षराचे तुकडे जोडून देवनागरी बनवणाऱ्यांची अक्षरं विचित्र दिसतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

जाडीचाही प्रश्न वेगळा. 'श्रद्धा' हा शब्द घ्या. 'श्र'ला खालची तिरकी रेघ, 'द्ध'मध्ये एकाखाली एक लटकलेली दोन अक्षरं, वर शिरोरेषा. 'राष्ट्र' लिहायचं तर 'ष'चं पोट, 'ट'ची वाटी आणि तळाला 'र'ची खूण हे सगळं एकाच उंचीत. वर वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा ठेवायची, खाली उकाराला ठेवायची, आणि उरलेल्यात मूळ अक्षर जाड करायचं. रोमन 'एन'मध्ये दोन उभ्या रेघा फुगवल्या की भागतं.

छापखान्याच्या काळात आपल्याकडे यावर वेगळीच वाट निघाली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून मुंबईत देवनागरीचे जे देखणे खिळे वापरले ते मुख्यतः ग्रंथांसाठी होते. मथळा हवा असेल तर चित्रकार तो हाताने काढायचा, त्याचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, व्हायचा आणि तो खिळ्यांबरोबर बसवला जायचा. म्हणून मराठीतलं डिस्प्ले अक्षर खिळ्यांच्या खणांत फारसं सापडत नाही, ते माणसांच्या हातात होतं. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं हे त्याचं सगळ्यात तेजस्वी उदाहरण. प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, त्या नाटकापुरतंच. २०२० मध्ये ते गेले. कम्प्युटर आल्यावर मात्र बऱ्याच वर्षांची पोकळी पडली. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी केलेलं 'मंगल' हे पडद्यावर वाचण्याचं अक्षर होतं, आणि लोक तेच ताणून, सावली देऊन फ्लेक्सवर लावत राहिले.

ती पोकळी आता भरते आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू' २०१५ मध्ये आला. नऊ भारतीय लिप्यांत आणि रोमनमध्ये, जाड आणि गोलसर, मोफत. कूपर ब्लॅकचा उबदारपणा देवनागरीत हवा असेल तर तो पाय चिकटवून येत नाही, रेघांची टोकं मऊ करून आणि पोटातली जागा जपून येतो, हे त्यात दिसतं. त्यांच्याच 'मोदक'मध्ये तर रेघ इतकी फुगवली आहे की आतली पांढरी जागा केसाएवढी उरते. जे फॅट फेसमध्ये काळं बारीक होतं, ते इथे पांढरं बारीक झालं आहे. मोठ्या आकारात ते फार सुंदर दिसतं, लहानात अजिबात लावू नये.

असा कोणताही फॉन्ट निवडताना नमुन्याचं वाक्य बघून भुलू नका, आपल्याच दुकानाचं नाव आणि मालाची यादी त्यात टाइप करा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी, ते पाहा. पुष्कळ फॉन्टांत दोन्ही असतात आणि भाषा मराठी निवडल्याशिवाय आपले येत नाहीत. मग 'सुक्या भाज्या', 'कुरकुरीत चकल्या', 'आचाऱ्याच्या हातची पुरणपोळी' असं काही लिहा. 'ऱ्या' तुटून 'र' वेगळा पडला किंवा त्याचा रफार झाला, तर अक्षर कितीही देखणं असो, तो फॉन्ट मराठी डोळ्याखालून गेलेला नाही. शेवटी छपाईच्या खऱ्या मापात एक प्रिंट काढा, भिंतीवर लावा आणि पाटी जिथून वाचली जाणार आहे तेवढ्या अंतरावर जाऊन 'द्ध' वाचता येतो का ते पाहा.